दोन गाइड, दोन रेकॉर्ड आणि माशाच्या पेशींचं मरण: ऐरोलीच्या भाचीचं प्रकरण

मागच्या वर्षी जूनमध्ये माझ्या भाचीला पीएचडीसाठी दोन ठिकाणांहून होकार आला. पेढे वाटून झाले, सगळ्यांचे फोन येऊन गेले आणि दोनच दिवसांत खरा प्रश्न समोर आला की आता जायचं कुणाकडे. दोन्ही गाइडचा विषय जवळपास एकच, माशांची इम्युनॉलॉजी, म्हणजे रोगाशी लढायची शरीराची यंत्रणा, आणि त्यातही जंतू लागल्यावर माशाच्या पांढऱ्या पेशी कशा मरतात ते. एक सर आणि एक मॅडम. नावं, संस्था, शहरं काही लिहीत नाही कारण दोघंही आज काम करतायत आणि मला सांगायचंय ते वेगळंच आहे, एखाद्या शास्त्रज्ञाचं रेकॉर्ड वाचतात म्हणजे नेमकं काय करतात हे आम्ही मायलेकी-मावशी मिळून तीन आठवडे जे शिकलो ते सगळं इथे मांडते.

माझ्याबद्दल थोडं. मी ठाण्यात एका कॉलेजमध्ये बावीस वर्षं झूऑलॉजी शिकवते, राहते कोपरीला. बहीण ऐरोलीला. भाचीचं एमएससी झालं, नेट जेआरएफसकट पास झाली, म्हणजे महिन्याला ३७,००० रुपये फेलोशिप तिची स्वतःची येणार होती, त्यामुळे पैशासाठी कुणाच्या प्रोजेक्टवर अवलंबून राहायची गरज नव्हती. हे महत्त्वाचं आहे कारण बऱ्याच पोरांना ही निवडच नसते, जो घेईल तो गाइड. हिला निवड होती म्हणून ती नीट करायची असं ठरलं.

पहिल्या संध्याकाळी भावोजींनी लॅपटॉपवर दोघांची गुगल स्कॉलरची पानं, जिथे शास्त्रज्ञाच्या शोधनिबंधांची म्हणजे पेपरांची यादी असते, शेजारी शेजारी उघडली. सरांचे नऊ वर्षांत ७१ पेपर. मॅडमचे पंधरा वर्षांत १४. भावोजी बँकेतले माणूस, ते म्हणाले, "ताई, यात बघायचं काय राहिलं?" आणि खरं सांगते, त्यांची काही चूक नाही, आपल्याकडे प्रमोशनपासून ग्रँटपर्यंत सगळीकडे आधी आकडाच बघतात. एच-इंडेक्स हा जो आकडा त्या पानावर उजवीकडे दिसतो तो हिर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये मांडला, त्याचा अर्थ एवढाच की ज्याचा एच-इंडेक्स २० त्याचे किमान २० पेपर असे आहेत की प्रत्येकाचा उल्लेख २० किंवा जास्त वेळा झालाय. त्या उल्लेखात स्वतःचे उल्लेख किती, मित्रांचे किती, हे तो आकडा सांगत नाही, आणि काम खरं निघालं की नाही हे तर नाहीच सांगत. २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला शास्त्रज्ञ आणि संपादक जमले आणि त्यातून जे डिक्लरेशन निघालं त्यात स्पष्ट म्हटलंय की जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून, म्हणजे त्या जर्नलमधल्या पेपरांचा सरासरी किती वेळा उल्लेख होतो त्या आकड्यावरून, माणसाचं काम मोजू नका. पण हे सगळं मी जेवणाच्या टेबलावर सांगायला लागले तर भाची म्हणाली, "मावशी, मग मोजायचं कशाने ते सांग ना."

बरोबर होतं तिचं.

त्या रविवारी सकाळी मी ऐरोलीलाच होते, आम्ही दोघी दिवा कोळीवाड्यात मासे घ्यायला गेलो. जिताडा मिळाला, दोन किलोच्या आसपासचा, खाडीचा आहे म्हणाल्या कोळीणबाई. त्यांनी पोट फाडलं, आतडी बाहेर काढली, आणि मग डोक्याच्या मागे कण्याच्या खालच्या अंगाला जो काळपट लाल मऊ गोळा चिकटलेला असतो तो नखाने खरवडून काढायला लागल्या. "ह्यो ठेवला तर वास राहतो कालवणाला." मी त्यांना म्हणलं थांबा जरा, आणि भाचीला वाकून बघायला लावलं. वर्षानुवर्षं आपण ज्याला साकळलेलं रक्त समजून फेकतो ते म्हणजे माशाचं हेड किडनी. नाव किडनीचं पण बहुतेक माशांत या पुढच्या भागाचं काम लघवी करण्याचं राहिलेलं नसतं. माशाच्या हाडात आपल्यासारखी रक्त बनवणारी मज्जा नसते, लिम्फ नोड नसतात, त्यामुळे रक्तपेशी बनवायचं आणि जंतूंशी लढायचं मोठं ठिकाण हेच. सरांचे ७१ आणि मॅडमचे १४, सगळे पेपर ह्या बोटभर गोळ्यातून काढलेल्या मॅक्रोफेज पेशींवर. मॅक्रोफेज म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशी, शरीराचा झाडूवाला आणि पोलीस एकच.

घरी आल्यावर मी ठरवलं की आधी तिला चांगलं रेकॉर्ड कसं दिसतं ते दाखवायचं, मगच ह्या दोघांकडे वळायचं. ह्याच विषयातलं एक रेकॉर्ड मी एमएससीच्या वर्गात शिकवत आलेय, पोर्तुगालमधल्या पोर्तो शहरातल्या गटाचं, आना दो वाले आणि नुनो दोस सांतोस ही त्यातली दोन मुख्य नावं. त्यांचा मासा म्हणजे युरोपियन सीबास. आपल्या जिताड्यालाही बाजारात एशियन सीबास म्हणतात पण दोघांची कुळं वेगळी आहेत, नावावरून भाऊ समजू नये.

त्यांची गोष्ट सुरू होते एका रोगापासून. १९६३ मध्ये अमेरिकेत चेसापीक उपसागरात मासे मोठ्या संख्येने मेले, त्यातून हा जंतू पहिल्यांदा ओळखला गेला, आज त्याला फोटोबॅक्टेरियम डॅमसेली म्हणतात आणि त्याची पिसिसिडा ही उपजात. पुढे जपानमधल्या यलोटेलला आणि भूमध्य समुद्राकडच्या सीबासच्या शेतीला ह्याने फार सतावलं. पोर्तोच्या गटाला दिसलं काय, तर आजारी माशात मॅक्रोफेज आणि न्यूट्रोफिल, म्हणजे ज्यांनी जंतू मारायचा त्याच पेशी, ढिगाने मरतायत आणि त्यांचं मरण अपॉप्टोसिसचं आहे. अपॉप्टोसिस हा शब्द १९७२ मध्ये केर, वायली आणि करी ह्या तिघांनी आणला, ग्रीकमध्ये त्याचा अर्थ पानगळ. पेशी फुटत नाही, स्वतःला आवरत आवरत जाते, आकसते, डीएनए ठरावीक तुकड्यांत कापते आणि बाजूची मॅक्रोफेज तिला गिळून टाकते, गवगवा नाही, सूज नाही. एका बारक्या किड्यात शरीर घडताना बनणाऱ्या १०९० पेशींपैकी नेमक्या १३१ पेशी अशा ठरवून मरतात, त्या कामाला आणि त्यामागच्या जनुकांच्या शोधाला २००२ चं नोबेल मिळालं.

आता इथून पुढे त्यांचं रेकॉर्ड बघा. २००५ मध्ये त्यांनी दाखवलं की हे मरण जंतू स्वतः बाहेर सोडतो त्या एका प्रोटीनमुळे होतं, वजन ५६ किलोडाल्टन म्हणून नाव एआयपी५६. ते बनवायचं जनुक प्लाझमिडवर, म्हणजे जंतूच्या मुख्य डीएनएपासून वेगळ्या छोट्या डीएनए-कड्यावर आहे, रोग न करणाऱ्या ज्या जाती त्यांनी तपासल्या त्या हे प्रोटीन सोडत नव्हत्या, आणि सशात बनवलेला त्याच्याविरुद्धचा सीरम आधी टोचला की सीबास वाचतात. म्हणजे "हे सोबत दिसतं" इथून "हेच कारण आहे" इथपर्यंत एका पेपरात आले. २००७ मध्ये पुढचा प्रश्न, की अपॉप्टोसिस जर इतकं शांत मरण आहे तर मासा इतका वाईट का मरतो? उत्तर वाचून मी पहिल्यांदा खरंच हातातला पेपर खाली ठेवला होता. मेलेल्या पेशी उचलणारे जे, म्हणजे मॅक्रोफेज, तेच मेलेत. उचलायला कुणी नाही म्हणून आवरून ठेवलेल्या पेशी तशाच पडून राहतात आणि शेवटी फुटतात, आतलं सगळं जाळणारं रसायन अंगात पसरतं. ह्याला सेकंडरी नेक्रोसिस म्हणतात. २०१३ मध्ये त्याच्याही पुढे, हे प्रोटीन पेशीत शिरून कापतं काय? ते जस्तावर चालणारं एन्झाइम निघालं आणि ते एनएफ-कप्पा-बी ह्या यंत्रणेतलं पी६५ नावाचं प्रोटीन कापतं, म्हणजे पेशीला जगवणाऱ्या आणि लढवणाऱ्या जनुकांचं बटणच तोडतं. मग ते आत शिरतं कसं, पेशीतल्या आम्लाचा उपयोग कसा करतं, पेशीचंच एचएसपी९० नावाचं मदतनीस प्रोटीन त्याला कसं वापरता येतं, आणि २०२३ मध्ये त्याची अणूअणूची रचना.

भाची म्हणाली यादीत बघितलं तर सगळी शीर्षकं एकसारखीच वाटतात, एआयपी५६, एआयपी५६, एआयपी५६. हो, पण खालून वर वाच म्हणलं. प्रत्येक पेपर आधीच्याने उघडा ठेवलेला प्रश्न घेतो. एका प्रोटीनवर अठरा वर्षं. मला तर ह्यात दिंडीला निघालेल्या माणसाची चाल दिसते, रोज तेवढंच पण रस्ता एकच.

तर आमची पहिली पद्धत ही ठरली: स्कॉलरचं पान उल्लेखांप्रमाणे लावलेलं असतं ते वर्षाप्रमाणे लावायचं आणि सगळ्यात जुन्या पेपरपासून वाचायला सुरुवात करायची. मी कबूल करते की मी सरांबद्दल आधीच मत बनवून बसले होते, ७१ म्हणजे सगळं फालतूच असणार. खालून वाचल्यावर निघालं भलतंच. सरांचे पहिले चार पेपर, पीएचडी आणि त्यानंतरच्या दोन वर्षांतले, अतिशय चांगले होते, मॅडमच्या सुरुवातीच्या कामापेक्षा सरस. वर्षाला एक, कधी एकही नाही. मग एका वर्षापासून आकडा एकदम अकरावर गेला. त्या वर्षी त्यांना मोठं पद मिळालं होतं हे संस्थेच्याच पानावर लिहिलेलं होतं. माणसाला येत नाही असं नव्हतं, येत होतं आणि मग वेळ राहिला नसावा, असं मला वाटतं. हे वाचून मला राग येण्यापेक्षा वाईट वाटलं.

आम्ही सरांचे नंतरच्या काळातले नऊ पेपर पूर्ण वाचले, नऊच, पण पूर्ण म्हणजे मेथड्ससकट, प्रयोग कसा केला त्या भागासकट. आणि इथे एका ओळीवर आम्ही एक आख्खी संध्याकाळ घालवली. मागूर माशाच्या हेड किडनीतून मॅक्रोफेज काढल्या, एल-१५ मिडियममध्ये, म्हणजे पेशी जगवायच्या पोषक द्रावात, ठेवल्या, ३७ अंश तापमान, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड. वाचायला किती शास्त्रीय वाटतं! पण ३७ अंश हे आपल्या अंगाचं तापमान आहे. मागूर थंड रक्ताचा मासा, त्याच्या पेशी साधारण २८ ते ३० अंशात ठेवतात. आणि एल-१५ हे मिडियम साध्या हवेतच चालावं म्हणून बनवलेलं आहे, त्याला कार्बन डायऑक्साइड लागतच नाही, उलट तो दिला तर मिडियम आम्लाकडे झुकतं. म्हणजे एक तर प्रयोग वेगळा केला आणि लिहिताना माणसाच्या किंवा उंदराच्या पेशींच्या पेपरातून ओळ उचलली, किंवा खरोखरच माशाच्या पेशी तापात आणि आंबट पाण्यात ठेवल्या. दोन्ही वाईट. आणि मग त्या पेशी मेल्या तर जंतूमुळे मेल्या की उकाड्याने मेल्या हे कळणार कसं? कंट्रोल बघावा, म्हणजे जंतू न घातलेल्या पेशी, तर ग्राफमध्ये कंट्रोल सरळ १०० टक्के धरून बाकीचे आकडे त्याच्या तुलनेत काढले होते. मूळ किती मेल्या ते पेपरात कुठेच नाही. भाचीने तीन पेपरात तीच ओळ शोधून काढली, स्वल्पविरामासकट तीच.

दुसरी गोष्ट, अपॉप्टोसिस म्हणायला पुरावा काय दिला. ह्या क्षेत्रात नवीन आलेल्या पोरांना हे नक्की सांगेन कारण मीसुद्धा नोकरीच्या सुरुवातीला हे चुकीचं शिकवलंय. एमटीटी नावाची टेस्ट सगळीकडे करतात, पिवळं रसायन घालायचं, जिवंत पेशी त्याला जांभळं करते. पण ती टेस्ट पेशीचा चयापचय मोजते, मरण नाही. पेशी सुस्तावली तरी रंग कमी येतो. अपॉप्टोसिस म्हणायचं तर निदान दोन-तीन वेगवेगळ्या अंगांनी दाखवावं लागतं: अनेक्सिन-व्ही, जी पेशीच्या आतल्या बाजूचं फॉस्फेटिडिलसेरिन नावाचं स्निग्ध द्रव्य बाहेर आलं की चिकटते, सोबत प्रोपिडियम आयोडाइड, जे फक्त भोक पडलेल्या पेशीत शिरतं, मग डीएनएचे साधारण १८० ते २०० बेसच्या पटीतले तुकडे जेलवर शिडीसारखे दिसणं, आणि अपॉप्टोसिस घडवून आणणाऱ्या कॅस्पेस नावाच्या एन्झाइमना अडवलं की पेशी वाचतात का हे बघणं. हे शेवटचं माझ्या मते सगळ्यात मोलाचं, कारण बाकी खुणा आहेत आणि हे कारण आहे. आता तर पायरॉप्टोसिस, नेक्रॉप्टोसिस अशी ठरवून मरण्याचीच वेगवेगळी रूपं माहीत झालीयत, त्यामुळे "मेली" आणि "अपॉप्टोसिसने मेली" ह्यात जमीन-अस्मानाचा फरक. सरांच्या नऊपैकी सहा पेपरांत एमटीटी आणि एक रंगीत फोटो, बस.

तिसरं जिताड्याएवढंच घरगुती आहे. मासे आणले कुठून? "स्थानिक बाजारातून मागूर." आपल्या ठाणे जिल्ह्यातल्या माणसाला हे वाचून लगेच शंका यायला हवी. बाजारात मागूर म्हणून जो मिळतो तो कित्येकदा आफ्रिकन मागूर असतो, ज्याला लोक थाई मागूर म्हणतात, ज्याच्या पैदाशीवर केंद्र सरकारने २००० मध्ये बंदी घातली तरी चोरून वाढवतात आणि अधूनमधून तळी बुजवल्याच्या बातम्या येतात. देशी मागूर लहान असतो. सरांच्या एका पेपरात माशाचं वजन सव्वा किलोच्या वर दिलंय. मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, पण देशी मागूर एवढा वाढलेला मी बावीस वर्षांत पाहिलेला नाही. मॅडमच्या पेपरात डीएनए बारकोडने, म्हणजे डीएनएचा ठरावीक तुकडा वाचून, जात पक्की केल्याची एक ओळ आहे. एकच ओळ, पण त्या ओळीने मला वाटलं की ही बाई रात्री शांत झोपत असेल.

फोटोंचं भाचीने पकडलं, मी नाही. सरांच्या दोन पेपरांतल्या दोन फोटोत, एकात लिहिलंय कंट्रोल आणि दुसऱ्यात लिहिलंय जंतू लागलेल्या, पण एक फोटो उलटा फिरवला की पेशींची रांग तीच. आम्ही प्रिंट काढून एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावून बघितले. अशा गोष्टी दुर्मीळ नाहीत, एलिझाबेथ बिक आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये २०,६२१ पेपर डोळ्यांनी तपासले तेव्हा ३.८ टक्के पेपरांत फोटोंची गडबड सापडली होती. ती चूकही असू शकते, फोल्डरमधून चुकीची फाइल लागते, हे मी भाचीला दोनदा सांगितलं. आम्ही तो विषय कुठेही जाहीर केला नाही, पण तिने सरांना ईमेलने अतिशय नम्रपणे दोन प्रश्न विचारले, तापमानाचा आणि फोटोचा. चार दिवसांनी उत्तर आलं, प्रोटोकॉल स्टँडर्ड आहे आणि फोटोचं काम त्या वेळच्या स्टुडंटकडे होतं. त्या दुसऱ्या अर्ध्या वाक्याने माझ्या बहिणीचं मत फिरलं, जिला अपॉप्टोसिसमधलं अक्षर कळत नाही. ती म्हणाली, "उद्या आपल्या पोरीचं नाव असंच सांगतील."

इथे मॅडमच जिंकल्या असं वाटेल पण तसं झालं नाही, पुढचे दहा दिवस जास्त अवघड गेले. मी मॅडमच्या कामावर इतकी खूश होते की सुटीच घेतली होती मी तपासण्यातून. भाची मात्र शोधगंगेवर गेली, जिथे आपल्या विद्यापीठांचे थिसिस ठेवलेले असतात, आणि मॅडमच्या विद्यार्थ्यांचे तिन्ही थिसिस उतरवून पेपरांशी ताडून पाहिले. पेपर बघून थिसिस बघायचा ही युक्ती फार कमी लोक वापरतात, थिसिसमध्ये फसलेले प्रयोगही सापडतात. तिला दिसलं की मॅडमचे दोन पेपर, जे वेगवेगळ्या जर्नलमध्ये आहेत, ते एकाच प्रयोगाचे दोन तुकडे आहेत, तेच मासे, तीच बॅच, एकात कॅल्शियमचा भाग आणि दुसऱ्यात कॅस्पेसचा, आणि एकमेकांचा उल्लेख नाही. मला हे कळलंच नव्हतं. तिने मॅडमना फोनवर सरळ विचारलं. मॅडम थोडा वेळ गप्प राहिल्या म्हणे, मग म्हणाल्या हो, त्या वर्षी विद्यार्थ्याला नोकरीसाठी दोन पेपर दाखवायचे होते, एकत्रच यायला हवे होते, आणि दुसऱ्यात पहिल्याचा उल्लेख नसणं ही माझी चूक आहे, विद्यार्थ्याची नाही.

त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना फोन केले तेव्हा आणखी निघालं. मॅडमच्या लॅबमध्ये फ्लो सायटोमीटर, म्हणजे एकेक पेशी मोजून तपासायचं मशीन, नाही, दुसऱ्या संस्थेत सकाळच्या गाडीने पेशी बर्फावर घेऊन जावं लागतं आणि दर सँपलला पैसे मोजावे लागतात. एका मुलीला पीएचडीला साडेपाच वर्षं लागली. एकाने मधेच सोडलं. उलट सरांच्या एका विद्यार्थ्याने मनापासून सांगितलं की सर माणूस म्हणून फार चांगले, फेलोशिप अडली तेव्हा स्वतः ऑफिसात जाऊन बसले, चार वर्षांत थिसिस, मशीन सगळी लॅबमध्ये. हे ऐकून भाची दोन रात्री झोपली नाही. मीही नाही. कारण रेकॉर्ड म्हणजे फक्त पेपर नव्हे, हाताखालून बाहेर पडलेली माणसं हेही रेकॉर्डच, आणि त्यात सर काही बाबतीत पुढे होते. भावोजींनी एक कोरा कागद घेऊन दोन रकाने केले आणि मग तो कागद तसाच घडी घालून ठेवला, म्हणाले हे बेरजेचं नाही.

शेवटी निर्णय कसा झाला ते सांगते. मॅडमच्या यादीत एक पेपर असा होता ज्यात त्यांनी स्वतःच्याच सहा वर्षं आधीच्या पेपरातला निष्कर्ष बदललेला. आधी लिहिलं होतं की एरोमोनास हायड्रोफिला हा जंतू लागलेल्या मागूरच्या मॅक्रोफेज अपॉप्टोसिसने मरतात. नंतर जास्त वेळांचे टप्पे घेतले तेव्हा दिसलं की उशिराच्या टप्प्यात बऱ्याच पेशी फुटतायत, आणि त्यांनी चर्चेच्या पहिल्याच परिच्छेदात लिहिलं की आमच्या पहिल्या अभ्यासात आम्ही एकच वेळ बघितली होती म्हणून चित्र अर्धं आलं. भाचीने हा परिच्छेद मला ट्रान्स-हार्बरच्या गाडीत मोबाइलवर वाचून दाखवला, आम्ही ठाण्याहून ऐरोलीला येत होतो, गर्दी होती, ती दारापाशी उभी होती आणि मोठ्याने वाचत होती. वाचून झाल्यावर म्हणाली, "मावशी, मी चुकले तर ही बाई मला लपवायला नाही लावणार." त्याच रात्री तिने मॅडमना होकार कळवला. सरांनाही स्वतः फोन करून आभार मानले, ते मला आवडलं. सरांनीही शुभेच्छा दिल्या.

तिने जायच्या आधी मॅडमकडून तीन गोष्टी बोलून घेतल्या, भांडून नव्हे, विचारून. सायटोमीटरच्या खर्चासाठी छोट्या ग्रँटचा अर्ज पहिल्या सहा महिन्यांत दोघींनी मिळून करायचा. कच्चा डेटा आणि मूळ फोटो लॅबच्या ड्राइव्हवर तारखेसकट ठेवायचे. आणि तिसऱ्या वर्षानंतर दर सहा महिन्यांनी थिसिस कुठवर आलाय ते कागदावर लिहायचं. मॅडमनी तिसऱ्याला थोडे आढेवेढे घेतले, बाकी दोन लगेच मान्य. ग्रँट अजून मिळालेली नाही, पहिला अर्ज परत आला, दुसरा टाकलाय.

आत्ता गणपतीला ती पाच दिवस घरी आली होती. विसर्जनानंतर पुन्हा दिवा कोळीवाड्यातून जिताडा आणला, ह्या वेळी पोट फाडल्यावर तिनेच बोट घालून हेड किडनी अख्खी, न तुटता काढली आणि कोळीणबाईंच्या हातावर ठेवली, त्या म्हणाल्या "हिचा हात बसला बघ." जेवताना मी विचारलं कुठवर आलं. म्हणाली पेशी निघायला लागल्यात, कंट्रोलमध्ये पहिले तीन महिने खूप मरत होत्या, मग लक्षात आलं की लॅबचा एसी रात्री बंद व्हायचा, इन्क्युबेटर जुना, त्याचं तापमान वर जायचं, आता थर्मामीटर आत ठेवून रोज दोनदा लिहिते. जंतू घातल्यावर बारा तासांनी अनेक्सिन आणि प्रोपिडियम आयोडाइड दोन्ही लागतायत, आणि कॅस्पेस अडवलं तर थोड्याच पेशी वाचतायत. म्हणजे अपॉप्टोसिस होऊन पुढे फुटलेल्या, की मुळातच दुसऱ्या वाटेने मेलेल्या, कळत नाहीये, आता दोन-दोन तासांनी बघायचंय. मग वहीत काय लिहिलंस, मी विचारलं. तिने फोनमध्ये वहीच्या पानाचा फोटो दाखवला. तारीख, बॅच नंबर, माशाचं वजन, इन्क्युबेटरचं तापमान सकाळचं आणि संध्याकाळचं, आणि निकालाच्या रकान्यात मॅडमच्या सांगण्यावरून एकच शब्द, "मेल्या", आणि त्याच्यापुढे मुद्दाम मोकळी सोडलेली जागा.